उपटल्याशिवाय नाव घेऊ नको

बाळा, परवा तू फोटो पाठवलास. खोडव्याच्या सरीत दाट हिरवी पात, आणि खाली एकच ओळ : "आजोबा, लव्हाळा झालाय, काय मारू?" मी फोटो मोठा करून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला, आणि उत्तर दिलं नाही. रागावू नकोस. फोटोत पात दिसते, गाठ दिसत नाही. गाठ बघितल्याशिवाय या कुळातल्या कुठल्याही झाडाचं नाव घ्यायचं नाही, हे मला माझ्या आईनं, म्हणजे तुझ्या पणजीनं शिकवलं. आता तू रान हातात घेतलं आहेस, तर ते तुझ्या कानात घालतो.

आई शाळेत गेली नव्हती. पण भांगलायला बसली की दहा बायकांत तिची पात सगळ्यांच्या पुढं असायची, आणि तिच्या मागं राहिलेली सरी महिनाभर स्वच्छ दिसायची. इतर बायका लव्हाळा खुरप्यानं वरच्यावर कापत जायच्या. आई खुरपं तिरकं घालून खालची गाठ उचकटायची, बोटानं माती झाडायची, वास घ्यायची आणि ओट्यात टाकायची. मी विचारलं, "आई, सगळा लव्हाळाच की, वास कशाला घेतीस?" ती म्हणाली, "सगळा एक नसतो. उपटल्याशिवाय नाव घेऊ नको."

आपल्या वारणाकाठी "लव्हाळा" हे एका झाडाचं नाव नाहीच. ती मोठी भावकी आहे. उसाच्या सरीत गाठी धरतो तो लव्हाळा, भाताच्या खाचरात पिवळा तुरा काढतो तोही लव्हाळा, ओढ्याच्या काठी गोल कांडीचा वाढतो तोही लव्हाळा, आणि पाण्यात माणसाच्या डोक्यावर जातो ते पाणकणीसही काही जण लव्हाळ्यातच मोडतात. पण एकाला जे औषध लागू पडतं ते दुसऱ्याला पडत नाही. एक आला तर भांगलण पुरते, दुसरा आला तर रानातलं पाणी काढावं लागतं. म्हणून ओळख महत्त्वाची.

पहिली परीक्षा बोटांची. कांडी अंगठा आणि तर्जनीत धरायची आणि हलकेच फिरवायची. तीन धारा बोटाला लागल्या, कांडी फिरताना अडखळली, तर ते मोथ्याच्या कुळातलं, म्हणजे शास्त्रात ज्याला सायपरेसी म्हणतात त्यातलं. कांडी गोल फिरली आणि मधे पेरं लागली, तर ते गवत. ऊस, हरळी, नळ, वाळा हे सगळे गवतात येतात. दुसरी खूण पानांची. वरून बघितलं की गवताची पानं दोन बाजूंना दोन रांगांत लागलेली दिसतात, मोथ्याची तीन बाजूंना तीन रांगांत. आणि मोथ्याची कांडी बुडापासून तुऱ्यापर्यंत सलग असते, पेर नाही. बहुतेकांत आत पांढरा भुसभुशीत गर भरलेला असतो. काहींची पोकळ असते, त्यांचं पुढं सांगतो.

इंग्रजी पुस्तकांत जंकस म्हणून एक कुळ दाखवतात, गोल कांडीचं, पाणथळीतलं. ते मुख्यतः थंड मुलखातलं. फूल आणि फळ बघितलं की ते वेगळं कळतं : त्याच्या फुलाला सहा चिमुकल्या पाकळ्या असतात आणि बोंडात बारीक बियांची भुकटी भरलेली असते. मोथ्याच्या फुलात एकच कडक दाणा. आपल्या ओढ्याला गोल कांडी बघितलीस म्हणून ते जंकस समजू नकोस. इथं ते बहुतेक मोथ्याचंच घराणं निघतं.

आता तुझ्या सरीत काय आहे ते बघू. उसात नेहमी तीन भेटतात, आणि तिन्ही लहानपणी अगदी एकसारखे दिसतात.

पहिला खरा लव्हाळा, सायपरस रोटंडस. हाच आपला नागरमोथा. उपटताना ओढला तर पात तुटून हातात येते आणि गाठ खालीच राहते, म्हणून खुरप्यानं माती उचकटायची. मग दिसतं ते असं : एक गाठ, तिच्यापासून दोऱ्यासारखी काळपट मुळी, तिच्या टोकाला दुसरी गाठ, तिथून पुन्हा मुळी, पुन्हा गाठ. आई ती माळ बोटाला गुंडाळून दाखवायची. मी एकदा मोजल्या, एका माळेत सात गाठी होत्या. गाठ काळी, खरबरीत, वर तुसासारखे धागे. नखानं खरवडली की आत पांढरी-तांबूस, आणि वास येतो ओल्या मातीत कापूर मिसळल्यासारखा. दिवाळीच्या आधी आई याच गाठी धुऊन, उन्हात वाळवून, कुटून उटण्यात घालायची. दुकानातून नागरमोथा आणलास तर तो बऱ्याचदा दुसऱ्या जातीचा, सायपरस स्कॅरिओससचा असतो, त्याचा वास आणखी तीव्र. तुरा आला की तो तांबूस-जांभळट, वाळलेल्या रक्तासारखा दिसतो.

दुसरा पिवळा लव्हाळा, सायपरस एस्क्युलेंटस. आपल्याकडे पहिल्याइतका नाही, पण फसवतो. याच्या गाठी माळेत नसतात. प्रत्येक मुळीच्या टोकाला एकच गाठ, ती गोलसर, आणि चावली तर गोड लागते. तुरा सोनेरी, वाळलेल्या पेंढीच्या रंगाचा. तुरा यायच्या आधी ओळखायचं असेल तर पानाचं टोक बघ. खऱ्या लव्हाळ्याचं पान टोकाशी एकदम निमुळतं होतं, पिवळ्याचं हळूहळू बारीक होत सुईसारखं लांबतं. स्पेनमध्ये वालेन्सियाच्या भागात याच गाठी भिजवून, वाटून गोड पेय करतात आणि त्यासाठी याची मुद्दाम शेती करतात. आपण ज्याला तण म्हणून उपटतो ते तिकडं पीक आहे, हे मला वाचून फार बरं वाटलं होतं.

तिसरा हंगामी मोथा, सायपरस इरिया. हा पावसाळ्यात येतो, भातात जास्त, पण पाणी साचलेल्या सरीतही उगवतो. याला गाठच नाही. उपटला की अख्खा सुटून येतो आणि खाली तांबूस-पिवळ्या तंतुमुळांचा झुबका असतो. तुरा पिवळट, बाजरीच्या बारीक कणसासारखा सुटा. बियांनी वाढतो, आणि एक रोप हजारो बिया टाकतं. याच्याबरोबरच भातात सायपरस डिफॉर्मिस येतो, त्याचा तुरा गोल गोळ्यांचा. आणि फिम्ब्रिस्टायलिस येतो, त्याची पानं बुडाशी पंख्यासारखी चपटी लागतात आणि तुऱ्यात बारीक तपकिरी मणी असतात. हे सगळे हंगामी. बी पडायच्या आत उपटले की संपले.

म्हणून तुझ्या फोटोला उत्तर दिलं नाही. तिघांचा इलाज तीन वाटांनी जातो.

इथं मी स्वतः केलेली चूक सांगतो. निवृत्तीच्या आधीची गोष्ट, शाळा सांभाळून मी शेती करत होतो. त्या साली तळाच्या तुकड्यात सोयाबीन होतं आणि सगळीकडं हिरवं माजलं होतं. एका दुकानात गेलो, "तण झालंय, औषध द्या" म्हटलं. त्यांनी गवत मारणारं दिलं, क्विझालोफॉप. फवारलं. दहा-बारा दिवसांत गवत पिवळं पडून वाळलं, आणि मी खूश झालो. पंधरा दिवसांनी बघतो तर गवताची सावली गेल्यामुळं लव्हाळा मोकळा सुटला होता. सोयाबीन हिरवं होतं, पण त्याच्यापेक्षा हिरवा लव्हाळा होता. त्या औषधानं लव्हाळ्याला काहीच होत नाही. ते फक्त गवताच्या कुळावर चालतं, आणि लव्हाळा गवत नाही. विज्ञानाचा मास्तर असून मी कांडी फिरवून बघितली नव्हती. दुकानदाराचा काय दोष? मीच "तण" म्हणालो होतो.

उसातला खरा लव्हाळा असेल तर बाजारात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के मिळतं, उसासाठी एकरी 36 ग्रॅम. तो तीन-चार पानांवर असताना, रानात वाफसा असताना फवारायचं. उशीर झाला, तुरा आला, की गाठीपर्यंत औषध नीट पोचत नाही. आणि लेबलवर उसाचं नाव आहे म्हणून फक्त उसात. शेजारच्या सोयाबीनवर, भाजीवर त्याचा शिंतोडाही जाऊ देऊ नको. टू-फोर-डी मारलास तर वरची पात करपेल, तुला वाटेल मेला, आणि तीन आठवड्यांत तीच गाठ पुन्हा फुटेल.

पण औषधाच्या आधी एक गोष्ट समजून घे, कारण इथं बहुतेक जण फसतात. माळेतल्या सगळ्या गाठी एकदम फुटत नाहीत. वरची फुटते आणि खालच्यांना दाबून ठेवते. रोटाव्हेटर फिरवला की माळ तुटते आणि दबलेली प्रत्येक गाठ मोकळी होऊन फुटते. एका लव्हाळ्याचे सात होतात. म्हणून ओल्या रानात रोटाव्हेटर म्हणजे लव्हाळ्याची लागण. उन्हाळ्यात मात्र हेच उलटं. एप्रिल-मेच्या उन्हात खोल नांगरून ढेकळं उलटी टाकली की वर आलेल्या गाठी सुकून मरतात. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात, म्हणून नांगर तेवढा खाली गेला पाहिजे आणि मग महिनाभर पाणी बंद ठेवायला पाहिजे. आई हे रान तापवणं म्हणायची. आणि दुसरी गोष्ट सावली. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. ऊस दाटून बांधला गेला, पाचट सरीत पसरलं, की तो आपोआप मागं पडतो. खोडव्याचं पाचट जाळू नको, ते पसरव.

1977 साली होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सगळ्यात वाईट तणांवर पुस्तक लिहिलं. त्यात पहिला नंबर या लव्हाळ्याचा होता. तेव्हा एका हंगामात तो गेला नाही म्हणून खचू नको. दोन उन्हाळे नेटानं कर.

आता पाण्याच्या काठाला चल. ओढा वारणेला मिळतो तिथं, गोल कांडीची झाडं उभी असतात, पानं जवळजवळ नाहीतच. लांबून सगळी सारखी. इथं दोन बघायची.

एक कांडी तोडून घे आणि अंगठा-तर्जनीनं बुडाकडून टोकाकडं दाबत जा. दोन्हींत आत आडवे पडदे असतात, ते बोटाखाली टप टप वाजतात. कांडी उभी चिरलीस तर शिडीच्या पायऱ्यांसारखे पडदे दिसतात. आता तुरा बघ. तुरा अगदी टोकाला, एकच, काडीपेटीतल्या काडीच्या गुलासारखा लांबट असेल तर तो इलेओकॅरिस. याच्या एका जातीचे कंद चीनमध्ये पिकवून खातात. आणि तुरा टोकाला नसून कांडीच्या मधेच, एका बाजूला, तपकिरी मण्यांचा घोस चिकटवल्यासारखा असेल, आणि त्याच्या वर कांडी पुन्हा तशीच सरळ गेलेली असेल, तर तो शोनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा, जुन्या पुस्तकांत स्किर्पस. वर गेलेला भाग खरं तर कांडी नाही, तुऱ्याखालचं एकमेव पान सरळ उभं राहिलेलं असतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ओढ्यातच तासभर बसून एकेक कांडी चिरत होतो. आणि पुरुषभर उंच, धारदार तिधारी, डोक्यावर मोठा पसरट तुरा आणि त्याखाली लांब पानं असलेला दिसला तर तो कचेरा. त्याच्या गाठी खातात.

नावं नक्की करायची असतील तर शिवाजी विद्यापीठाचं यादव आणि सरदेसाई यांचं 'फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट' हे पुस्तक बघ, 2002 चं. त्याच्या आधीचा आधार म्हणजे कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, 1901 ते 1908 या काळातला. मास्तर असताना मी या पुस्तकांनी सगळी माहिती ताडून बघितली, आणि आईनं वासावरून वेगळं काढलेलं प्रत्येक झाड पुस्तकातही वेगळंच निघालं.

तुकोबांनी महापुरात कोण टिकतं ते सांगताना लव्हाळ्याचं नाव घेतलं आहे, तू ते शाळेत पाठ केलंस. मला वाटतं त्यांच्या डोळ्यासमोर काठावरचा वाकणारा लव्हाळा असावा, जो पाण्याबरोबर झोपतो आणि पाणी उतरलं की उठतो. रानातला लव्हाळाही वाचतो, पण तो वाकत नाही, तो गाठीत लपून बसतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये मळीच्या रानावर पुराचा गाळ बसला. गाळ वाळायच्या आत त्यातून पहिली हिरवी टोकं वर आली ती याचीच. पुराबरोबर वरच्या रानातल्या गाठी खाली येतात. पूर ओसरल्यावर पहिल्या महिन्यात मळीच्या रानात फेरी मारून नवी बेटं उपटलीस तर पुढची दोन वर्षं वाचतील.

पाणकणसाचं थोडक्यात सांगतो. ते ओळखायला सोपं : पट्टीसारखी लांब पानं, तपकिरी मखमली कणीस, आणि त्याच्यावर थोडी रिकामी काडी सोडून नराच्या फुलांचा वेगळा भाग. पान बुडाशी स्पंजासारखं, वास नाही. ओढ्यात, तळ्यात असेल तर असू दे, त्यात पाणकोंबड्या अंडी घालतात. पण तेच पाणकणीस उसाच्या कडेला, दंडाच्या टोकाला दिसायला लागलं तर औषधाच्या दुकानाकडं जाऊ नको. ते झाड नाही, ते रानाचं पत्र आहे. त्या जागी पाणी उपळतंय. मीठ वर येतंय. 1950 च्या दशकात तात्यासाहेब कोऱ्यांनी इथं कारखाना उभा केला आणि या माळाचं वारणानगर झालं. नंतर पाणी आलं, ऊस आला, आणि ज्यांनी पाण्याचा निचरा बघितला नाही त्यांच्या रानात पाणकणीस आणि पांढरे मिठाचे थर आले. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली, ते जाऊन बघून ये. आपल्या तळाच्या तुकड्यात उसाच्या उत्तर कडेला गेल्या साली दोन पाणकणसं होती. ती उपटू नको. यंदा चार झाली का ते बघ, आणि झाली असतील तर आधी चर काढ.

एक मात्र नीट लक्षात ठेव, कारण यात बाळाचा जीव असतो. वेखंडाचं पान लांबून पाणकणसासारखंच, तलवारीसारखं दिसतं. वेखंडाच्या पानाला मधून किंचित बाजूला उंचावलेली शीर असते आणि चुरगाळलं की घमघमाट सुटतो. त्याचं खोड आडवं, जाड, वळ्यावळ्यांचं. पाणकणसात शीर नाही, वास नाही. पण वास आला तरी ओढ्यावरून आणलेलं काही आपल्या घरातल्या बाळाला उगाळून देऊ नको. वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, डॉक्टरला विचारल्याशिवाय ते बाळाच्या पोटात जाता कामा नये. पूर्वी दिलं जायचं, आम्हालाही दिलं होतं, म्हणून आताही द्यायचं असं नाही.

आणि ओढ्याच्या काठचं काही जाळू नको. वाळा आणि लव्हाळा काठाची माती धरून ठेवतात. आपल्या बांधाखाली ओढ्याचा जो वळसा आहे, तिथं एका साली कुणीतरी बेट पेटवलं आणि पुढच्या पावसाळ्यात दोन हात काठ ढासळला. वाळा परत लागायला चार वर्षं गेली.

तर तुझ्या फोटोचं उत्तर असं. उद्या पहाटे, दव आहे तोवर, खुरपं घेऊन त्याच सरीत जा. तीन ठिकाणची तीन रोपं गाठीसकट काढ, माती झाड, एका पांढऱ्या कागदावर ठेव आणि त्याचा फोटो पाठव. माळ दिसली तर एकरी 36 ग्रॅम आणि दोन उन्हाळे. टोकाला एकेक गोड गाठ दिसली तरी उन्हाळ्याची नांगरट तीच, पण औषधाच्या मापाचं मला आधी विचार. आणि नुसता तांबूस मुळांचा झुबका आला तर औषधाला पैसे घालू नको, बायकांना बोलव, बी पडायच्या आत भांगलून घे.